हेडसेटमधली दरी आणि कळसूबाईची शिडी

पत्राचा सारांश: नाशिक जिल्ह्यातल्या एका माध्यमिक शाळेत शिकवणाऱ्या ४६ वर्षांच्या शिक्षकांचं हे पत्र आहे. दिवाळीत ते पुण्याला भावाकडे गेले होते. पुतण्याने व्हीआर हेडसेट, म्हणजे डोळ्यांवर बांधून आभासी दृश्य दाखवणारं यंत्र, घेतला होता. त्यातल्या खेळात लिफ्टने उंच इमारतीच्या ऐंशीव्या मजल्यावर जायचं आणि हवेत बाहेर काढलेल्या अरुंद फळीवरून चालायचं. खेळ आणखी खरा वाटावा म्हणून पुतण्याने हॉलमध्ये फरशीवर एक लाकडी फळी टाकून ठेवली होती. सर दोन पावलं गेले आणि थिजले. गुडघे आखडले, तळहात घामेजले, मग एक पाय फळीवरून घसरला आणि त्यांनी टीव्हीचं टेबल गच्च धरलं. घरातल्यांना हसू आवरेना. व्हिडिओ कुटुंबाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर गेला. ‘आपण भावाच्या हॉलमध्ये उभे आहोत हे मला शंभर टक्के माहीत होतं, तरी पाय ऐकेनात,’ असं ते लिहितात. पंधरा वर्षं ते शाळेच्या गडकिल्ल्यांच्या सहली नेत आहेत आणि डिसेंबरात नववीच्या मुलांना कळसूबाईला न्यायचं आहे. तिथल्या लोखंडी शिड्यांवर आपले पाय असेच थिजले तर? हल्ली जिना उतरतानाही पाऊल जरा चुकल्यासारखं वाटतं, असं ते म्हणतात. सहा महिन्यांपूर्वी प्रोग्रेसिव्ह (एकाच काचेत लांबचा आणि जवळचा नंबर असलेला) चष्मा लागल्याचा उल्लेख त्यांनी जाता जाता केला आहे. चक्कर येत नाही, मधुमेह नाही. पुतण्या म्हणतो, ‘काका, रोज दहा मिनिटं घाला, भीती मरेल.’ आणि ७२ वर्षांची आई, जी गेल्या वर्षी बाथरूममध्ये पडली होती, ‘मलाही एकदा बघू दे’ म्हणून मागे लागली आहे. आपला तोल गेला का, सहल सोडावी का, हेडसेटचा सराव करावा का आणि आईला तो द्यावा का, असे त्यांचे चार प्रश्न आहेत.

सर, नमस्कार.

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. पहिल्या वेळी माझं सगळं लक्ष त्या फळीवर होतं. दुसऱ्या वेळी ते चष्म्याच्या ओळीवर थांबलं, आणि मला वाटतं तुमच्या काळजीचं मूळ फळीपेक्षा तिथे जास्त असावं. त्याकडे येतेच. पण ज्या एका संध्याकाळीमुळे तुम्ही पंधरा वर्षांचं काम सोडायला निघाला आहात, ती आधी नीट पाहू या.

तुम्ही दोन गोष्टी धरून चालला आहात. दृश्य खोटं आहे हे माहीत असलं की पायांनी ऐकायला हवं, ही पहिली. पाय थिजले म्हणजे तोल बिघडला, ही दुसरी. या दोन्ही गोष्टी तपासून घ्यायला हव्यात.

आपण ‘स्वस्थ उभे’ असतो तेव्हाही स्वस्थ नसतो. शाळेत प्रार्थनेच्या वेळी मुलांच्या रांगेकडे बाजूने पाहा. प्रत्येक मूल अगदी थोडं पुढे-मागे डोलत असतं. शरीर म्हणजे घोट्यांवर उभी केलेली लांब काठी. ती सतत कलायला बघते आणि पोटरीचे स्नायू तिला सतत सावरत राहतात. कधी आणि किती सावरायचं याची खबर डोळ्यांकडून येते, आतल्या कानाकडून येते आणि तळपाय-घोट्यांच्या जाणिवेतून येते. या खबरा जिथे एकत्र येतात तिथे तुमचं मत विचारलं जात नाही. ते विचारत बसलं असतं तर ठेच लागल्यावर सावरायला कुणालाच वेळ मिळाला नसता.

या तिघांत डोळ्यांचा शब्द किती चालतो, हे १९७४ साली एका साध्या प्रयोगातून दिसलं. डेव्हिड ली आणि त्यांच्या सहकाऱ्याने जमीन जागेवर ठेवून भिंती हलवता येतील अशी खोली केली आणि तिच्यात नुकती उभी राहायला लागलेली बाळं उभी केली. पायाखालची जमीन इंचभरही हलली नव्हती. भिंत बाळाच्या दिशेने सरकली की डोळ्यांना वाटायचं आपण पुढे झुकतोय. शरीर मागे सावरायला जायचं आणि बाळ धपकन मागे बसायचं. पुढच्या वर्षी मोठ्यांवर असेच प्रयोग झाले. मोठी माणसं डोलली. म्हणजे तळपाय आणि कान ‘सगळं ठीक आहे’ सांगत असतानाही डोळ्यांचा निरोप पायांपर्यंत पोचतोच. तुमच्या भावाच्या हॉलमध्येही डोळ्यांनी दरी पाहिली आणि पायांना कळवलं. ती दरी चित्रातली आहे ही माहिती तुमच्यापाशी होती, पण ती त्या वाटेने जात नव्हती. तेव्हा ‘माहीत असून पाय ऐकेनात’ याची लाज वाटून घेऊ नका. हे ऐकणं कुणाच्याच हातात नसतं.

आता दुसरी गोष्ट, आणि माझ्या मते तीच महत्त्वाची. कॅनडात व्हँकुव्हर इथल्या ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठात मार्क कारपेंटर यांचा गट उंचीचा उभं राहण्यावर काय परिणाम होतो याचा बरीच वर्षं अभ्यास करतो आहे. त्यांनी २०१२ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. १७ जणांना कमी आणि जास्त उंचीवर उभं केलं. एकदा खऱ्या उंचीवर, आणि एकदा हेडसेटमधल्या हुबेहूब तशाच उंचीवर. पायांखाली दाब मोजणारी पाटी होती, आणि हाताला किती घाम सुटतो हेही मोजत होते. उंची वाढली तसा घाम वाढला, भीती वाढली. माणसं म्हणाली, आता पूर्वीइतकं स्थिर वाटत नाही, स्वतःच्या तोलाची खात्री वाटत नाही. आणि पाटी काय म्हणाली? शरीराचं डोलणं लहान झालं होतं आणि त्याचा वेग वाढला होता. माणूस आधीपेक्षा कमी जागेत, बारीक आणि भराभर सावरत होता. खऱ्या उंचीवर आणि हेडसेटमधल्या उंचीवर, दोन्हीकडे असंच झालं.

म्हणजे ज्या क्षणी माणसाला वाटतं की आपला तोल चालला, त्या क्षणी शरीर त्याला जास्त घट्ट धरून उभं असतं. उंचीवर पोटरी आणि नडगीचे स्नायू एकाच वेळी आवळले जातात, घोटा ताठ होतो आणि शरीर कडेपासून किंचित मागे कलतं. गुडघे आखडले, पाय लाकडासारखे झाले असं जे तुम्ही लिहिलं आहे, ते हेच. सगळ्यांनी पाहिलेला तो व्हिडिओ पुन्हा पाहिलात तर पहिली काही सेकंदं तुमचे खांदे जवळपास हलत नाहीत हे दिसेल, असा माझा अंदाज आहे. त्या प्रयोगात फरक दोनच ठिकाणी पडला. भीती आणि मागे कलणं, ही दोन्ही खऱ्या उंचीवर जास्त होती. त्यामुळे हेडसेटमध्ये इतकं झालं तर कळसूबाईवर काय होईल, असा सरळ हिशेबही मांडू नका. कळसूबाईवर दरी खरी असेल, आणि पंधरा वर्षांचा अनुभवही खराच असेल.

मग पाय घसरला कसा, हे तुम्ही विचारालच. त्याचं उत्तर मला फळीत दिसतं. अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठाच्या चॅपल हिल इथल्या प्रयोगशाळेत संगणकाने उभा केलेला सुमारे २० फूट खोल खड्डा होता. त्याच्या कडेला उभ्या राहणाऱ्यांच्या छातीचे ठोके मोजले जायचे. पायाखाली खरोखरची दीड इंच जाडीची लाकडी कड ठेवली, की ठोके आणखी वाढायचे. ही गोष्ट २००२ सालची. डोळे सांगतात ते तळपायांनाही लागलं की शरीराचा उरलासुरला संशय संपतो. तुमच्या पुतण्याने नकळत हाच प्रयोग घरी केला. वर डोक्यावर अर्ध्या किलोच्या आसपास वजन होतं. दोन्ही बाजूंचं नेहमी दिसणारं दृश्य कापलं गेलं होतं. आणि मुख्य म्हणजे स्वतःचे पाय दिसत नव्हते. अशा अवस्थेत फरशीवरच्या फळीच्या कडेवरून कुणाचाही पाय गेला असता. त्यात ताठ झालेला घोटा चटकन वळत नाही. टीव्हीचं टेबल धरलंत ते बरं केलंत, आणि ते वेळेवर धरलं गेलं याचा अर्थ तुमची सावरण्याची यंत्रणा जागी आहे.

हे ताठ होणं उभं राहायला चांगलं आणि चालायला वाईट. म्हणूनच मी तुमच्या काळजीकडे दुर्लक्ष करत नाही. म्युनिकमध्ये थॉमस ब्रांट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उंचीला बुजणाऱ्या माणसांचं निरीक्षण केलं आहे. अशी माणसं उंचावर डोकं आणि नजर दोन्ही गोठवतात, समोर क्षितिजाकडे टक लावतात, पावलं लहान करतात. आजूबाजूला पाहतच नाहीत. शिक्षकाच्या दृष्टीने हीच अडचण, कारण त्याला मागे वळून मुलं मोजायची असतात. याच गटाने जर्मनीत साडेतीन हजार लोकांची पाहणी केली. तिच्यात २८ टक्के लोकांनी आयुष्यात कधी ना कधी उंचीवर असं बुजल्याचं सांगितलं. तुम्ही एकटे नाही, आणि तुमच्या नववीच्या वर्गातही असं बुजणारी मुलं असणार. शिडीवर थिजलेल्या मुलाला ‘घाबरतोस काय, चढ’ म्हणणारा शिक्षक आणि त्याच्या घोट्यात काय चाललंय हे जाणणारा शिक्षक, यांत दुसरा मला त्या शिडीखाली हवा आहे.

उंचीवरच्या घेरीला एक अगदी भौतिक कारणही आहे, आणि तुम्ही विज्ञान शिकवत नसलात तरी ते मुलांना सांगता येईल. आपण डोलतो आहोत हे डोळ्यांना कळतं ते जवळच्या वस्तू नजरेत सरकतात म्हणून. डोकं दोन सेंटिमीटर हललं तर एक मीटरवरची भिंत नजरेत चांगली एक अंशभर सरकते. पन्नास मीटरवरचं झाड तेवढ्याच हालचालीला त्याच्या पन्नासाव्या हिश्श्याइतकंच सरकतं, म्हणजे सरकतच नाही म्हणा ना. कड्यावर उभं राहिल्यावर समोर जवळचं काहीच नसतं, डोळ्यांकडून खबर येत नाही आणि शरीर घोटाळतं. १९८० च्या सुमाराला ब्रांट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे मांडलं, आणि त्यातून निघणारा सल्ला आजही तितकाच उपयोगी आहे. कड्याजवळ असताना डोळ्यांच्या कोपऱ्यात काहीतरी जवळचं आणि न हलणारं राहू द्या. एखादा खडक, रेलिंग, शेजारी उभा असलेला माणूस. सरकत्या ढगांकडे पाहत उभे राहू नका. दुर्बिणीतून पाहायचं असेल तर बसून पाहा. आणि बोटाची टोकं कशाला तरी टेकवा. भार टाकायची गरज नाही. प्रयोगांत शंभर ग्रॅमपेक्षाही कमी दाबाने टेकलेल्या बोटाने डोलणं स्पष्ट कमी झालेलं दिसलं आहे. रेलिंग आवळून धरण्यापेक्षा हलकं धरा, हे ऐकायला विचित्र वाटतं, पण आवळलं की खांद्यापर्यंत सगळं ताठ होतं.

आता तुमचा तोल खरोखर कसा आहे ते घरी पाहता येईल. भिंतीच्या कोपऱ्यात, कुणीतरी शेजारी असताना, अनवाणी उभे राहा. एका पायावर, डोळे उघडे ठेवून. तुमच्या वयात तीस सेकंद सहसा जमायला हवेत. दोन्ही पायांवर वेगवेगळं पाहा. मग दोन्ही पावलं जुळवून डोळे मिटा आणि तीस सेकंद थांबा. थोडं डोलणं ठीक आहे. पाऊल टाकावं लागलं, तेही पुन्हा पुन्हा, तर ते मनात टिपून ठेवा. जर्मन डॉक्टर रोम्बर्ग यांच्या नावाने ही चाचणी ओळखली जाते. डोळे काढून घेतले की कान आणि तळपाय किती सांभाळतात ते तिच्यातून कळतं. हेडसेटची चाचणी याच्या नेमकी उलट आहे. तिच्यात कान आणि तळपाय खरं सांगत असतात आणि डोळ्यांना चुकीचं दाखवलेलं असतं. म्हणून ती तोलाची परीक्षा धरू नका.

या घरच्या चाचणीत जमलं नाही, किंवा अंथरुणात कूस बदलताना गरगरतं, एका कानाने कमी ऐकू येतं, कानात आवाज येतो, तळपाय बधिर वाटतात, यांतलं काही असेल तर डॉक्टरांकडे जा आणि साखर पुन्हा एकदा तपासून घ्या. अचानक चालताना झोक जाणं, बोलणं अडखळणं, एकाच्या दोन वस्तू दिसणं असं झालं तर दुसऱ्या दिवसाची वाट न पाहता सरळ दवाखाना गाठायचा. तुमच्या पत्रात यांतलं काही नाही. वाचणाऱ्यांपैकी कुणाला असेल, म्हणून लिहिते.

आणि आता चष्मा. प्रोग्रेसिव्ह चष्म्याच्या खालच्या भागात जवळचं वाचण्याचा नंबर असतो. वाचताना ते सोयीचं. पण जिना उतरताना आपण खाली पाहतो, आणि पायरी असते हातभर अंतरावर नव्हे, तर चांगली दीड मीटर लांब. तेव्हा पायरीची कड नेमकी त्या वाचायच्या भागातून दिसते. ती धूसर होते, अंतराचा अंदाज चुकतो. वयस्कर माणसांवरच्या अभ्यासात अशा चष्म्यांचा आणि जिन्यावर पडण्याचा संबंध दिसला आहे. तुम्ही वयस्कर नाही, पण चष्मा नवा आहे, आणि जिन्यावर पाऊल चुकल्यासारखं वाटणं ‘हल्ली’ सुरू झालं आहे. चष्मा कधी आला आणि जिना कधीपासून चुकायला लागला, या दोन तारखा शेजारी शेजारी लिहून पाहा. माझा अंदाज खरा निघाला तर उपाय स्वस्तातला आहे: फक्त लांबच्या नंबरचा साधा चष्मा बनवून घ्या आणि डोंगरावर, जिन्यावर तोच वापरा. प्रोग्रेसिव्ह चष्मा वर्गात आणि वाचायला. जुना लांबचा चष्मा घरात असेल तर नंबर बदलला आहे का ते आधी तपासून घ्या. सध्या जिना उतरताना नुसती नजर खाली न वळवता मान वाकवून वरच्या भागातून पायरी पाहा, आणि आठवडाभर फरक पडतो का बघा.

सहलीचं. ‘सोडून द्यावं की काही झालंच नाही असं समजून जावं’ असे दोन पर्याय तुम्ही लिहिले आहेत. दोन्ही मला मान्य नाहीत. एका खेळाच्या जोरावर सोडलंत तर पुढच्या वर्षी जिन्याच्या जोरावर आणखी काही सोडाल. पडण्याची भीती माणसाला अशीच हळूहळू घरात आणते. आणि काही न तपासता गेलात तर तीस-चाळीस मुलांची जबाबदारी घेऊन तपासायला निघाल्यासारखं होईल. ते मुलांवर अन्यायाचं आहे.

त्यापेक्षा सहलीच्या दोन-तीन आठवडे आधी एका रविवारी मुलांशिवाय, एखाद्या सहकाऱ्याला घेऊन पायथ्याच्या बारी गावातून कळसूबाई चढून या. साधा चष्मा लावून. पहिल्या शिडीशी थांबा, श्वास खाली बसू द्या, मगच चढा. शिडीवर तीन टेकू कायम ठेवा: दोन हात आणि एक पाय, किंवा दोन पाय आणि एक हात. उतरताना तोंड शिडीकडेच ठेवा, दरीकडे पाठ. मध्यावर थांबून मुद्दाम मान वळवा, सहकाऱ्याकडे पाहा, त्याच्याशी दोन वाक्यं बोला. मान वळते का आणि बोलता येतं का, हीच तुमची खरी परीक्षा, कारण मुलांबरोबर तुम्हाला हेच करायचं आहे. नुसतं वर पोचणं पुरेसं नाही. जमलं तर नेहमीसारखे जा. पाय आखडले आणि सुटले नाहीत तर शिडीच्या पायथ्याचं काम मागून घ्या: कुणी किती अंतर ठेवून चढायचं, कोण थांबायचं, कोणाला खाली ठेवायचं. गडावर जाणाऱ्या प्रत्येकाला माहीत आहे की गर्दीच्या दिवशी अपघात टळतात ते याच माणसामुळे. मुख्याध्यापकांना आधी सांगा. सहकाऱ्यालाही खरं कारण सांगा. नाहीतर ऐनवेळी तो तुमच्या भरवशावर राहील.

हेडसेटच्या सरावाबद्दल पुतण्याचं बोलणं हवेतलं नाही. १९९५ साली अमेरिकेत बार्बरा रॉथबॉम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उंचीची भीती असलेल्या विद्यार्थ्यांच्या लहानशा गटाला संगणकातले पूल, बाल्कन्या आणि काचेची लिफ्ट दाखवून उपचार केले आणि त्यांची भीती कमी झाली. २०१८ मध्ये ऑक्सफर्डच्या डॅनियल फ्रीमन यांनी १०० जणांवर चाचणी केली. ४९ जणांना हेडसेटमधून, एका दहा मजली इमारतीत, आभासी मार्गदर्शकाच्या सोबतीने हळूहळू वर नेलं. दोन आठवड्यांत मिळून साधारण दोन तासांचा उपचार. त्या गटाची भीती सरासरी ६८ टक्क्यांनी उतरली. हे मोठं यश आहे, आणि ज्यांना गच्चीवर जाणंही शक्य होत नाही त्यांनी मानसोपचारतज्ज्ञांकडे असा उपचार मिळतो का ते जरूर विचारावं.

पण तिथे पायरी-पायरीने नेलं होतं, भीती ओसरेपर्यंत थांबवलं होतं आणि प्रत्येक टप्प्यावर मनात काय येतं ते विचारलं होतं. पहिल्याच मिनिटाला ऐंशीव्या मजल्यावरच्या फळीवर उभं करणं आणि मागून हसणं, हा तो उपचार नाही. म्युनिकच्याच आणखी एका अभ्यासात हेडसेटमधली भीती २० ते ४० मीटरच्या पुढे फारशी वाढत नाही असं दिसलं. त्यामुळे ऐंशीवा मजला सरावासाठी लागतच नाही. घरीच करायचं असेल तर दुसऱ्या-तिसऱ्या मजल्याची गच्ची पुरे. पहिले काही दिवस खुर्चीत बसून. फरशीवरची फळी काढून टाका. आजूबाजूला टेबल, पायपुसणं, चार्जरची वायर असं काही नको. शेजारी एक माणूस हवा, आणि त्याच्या हातात मोबाइल नको. मळमळलं की थांबायचं, आणि त्यानंतर लगेच गाडीवर बसायचं नाही. कंपनीच्या कार्यक्रमांत, मॉलमध्ये असे खेळ ठेवणाऱ्यांनीही एवढं तरी पाळावं असं मला कळकळीने वाटतं.

एक प्रश्न मात्र विचारते: तुम्हाला हा उपचार हवा आहे का? पंधरा वर्षं तुम्ही गडांवर हिंडला आहात. त्या आठवणींत कुठेही थिजल्याचं तुम्ही लिहिलेलं नाही. ‘भीती मरेल’ हे पुतण्याचं वाक्य आहे, तुमचं नाही. व्हँकुव्हरच्या गटाने लोकांना पुन्हा पुन्हा उंचीवर उभं करून पाहिलं तेव्हा भीती आणि घाम ओसरले, तरी उभं राहण्यातला काही बदल तसाच टिकला. मन निवांत झालं तरी शरीर थोडं सावध राहिलं. ती सावधगिरी घालवायचा प्रयत्न मी तुमच्या जागी असते तर केला नसता. रविवारचा डोंगर हाच तुमचा सराव.

पुतण्याला तो व्हिडिओ ग्रुपवरून काढायला सांगा. रागाने नको, पण सांगा. त्याला हे पत्रोत्तर वाचायला दिलंत तरी चालेल. काकांचं शरीर त्या क्षणी काय करत होतं ते कळलं की त्यालाही तो वेगळा दिसेल, आणि विज्ञानाची आवड असेल तर तुमच्याबरोबर एका पायावर सेकंद मोजायला तोच बसेल.

आईंबद्दल. त्यांची हौस मला फार आवडली. बहात्तराव्या वर्षी, एकदा पडून झाल्यावर, नवीन काही बघू दे म्हणणं सोपं नाही. नाही म्हणू नका, पण उंची नको, फळी तर नकोच, आणि उभ्याने काहीही नको. पडलेल्या माणसाचं शरीर घाबरलं की असंच ताठ होतं, आणि उतारवयात तोल सावरायला वेळ लागतो. व्हँकुव्हरच्या त्या प्रयोगामागचा एक विचारच हा होता की वयस्करांना खऱ्या उंचीवर उभं करणं धोक्याचं आहे, म्हणून हेडसेटची वाट शोधावी. पण तीही प्रयोगशाळेत, सगळी काळजी घेऊन. घरी त्यांना हातांच्या खुर्चीत बसवा, पाय जमिनीला नीट टेकलेले. एखादं न हलणारं शांत दृश्य लावा, समुद्रकिनारा किंवा देऊळ. पाच मिनिटं बस झाली. हेडसेट काढल्यावर लगेच उठू देऊ नका, घोटभर पाणी द्या, गप्पा मारा, मग हात धरून उठवा.

आणि त्या गेल्या वर्षी का पडल्या हे तुम्ही लिहिलेलं नाही. ते शोधलं आहे का? ब्लडप्रेशरची गोळी चालू असेल तर उठून उभं राहिल्यावर प्रेशर किती खाली येतं ते डॉक्टरांकडून एकदा मोजून घ्या. रात्री बाथरूमपर्यंत लहान दिवा हवा. ओल्या फरशीवर न सरकणारी चटई हवी. आणि हाताला सापडेल असा भिंतीतला दांडा हवा. टॉवेल टांगायचा नव्हे, स्क्रूने पक्का बसवलेला. तो हेडसेटच्या आधी बसवून घ्या.